कुंडीतल्या वाटाण्यापासून 'राजा हरिश्चंद्र'पर्यंत

भारतीय चित्रपटसृष्टीचे जनक धुंडिराज गोविंद तथा दादासाहेब फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वर येथे झाला. चित्रकला, छायाचित्रण, मुद्रण आणि जादूचे प्रयोग या साऱ्यांत त्यांनी रस घेतला. मुंबईत ख्रिस्तचरित्रावरील मूकपट पाहिल्यावर, पडद्यावरची चित्रे हलतात कशी, या प्रश्नाने त्यांना झपाटले. या ध्यासापायी काही काळ त्यांची दृष्टी गेली. तरीही विम्याची पॉलिसी गहाण ठेवून १९१२ मध्ये ते लंडनला गेले आणि हे तंत्र शिकून परतले.

भांडवल द्यायला मात्र कोणी धजावेना. तेव्हा फाळके यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि महिनाभराहून अधिक काळ रोज त्याचे चित्र टिपले. बीजाला अंकुर फुटून रोप वाढताना पडद्यावर क्षणार्धात दिसले आणि कर्ज मिळाले. पत्नी सरस्वतीबाईंनी दागिने दिले, फिल्म धुण्याचे कामही शिकून घेतले. 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी मुंबईत प्रदर्शित झाला.

फाळके यांचे १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिक येथे निधन झाले. घरातल्या एका कुंडीकडे कुतूहलाने पाहणाऱ्या या कलावंताच्या नावाने आज चित्रपटक्षेत्रातील सर्वोच्च राष्ट्रीय सन्मान दिला जातो.