सरस्वतीचा मोर आणि विष्णुदास भावे

मागच्या गॅदरिंगला सरस्वतीच्या मोराचं काम माझ्याकडे आलं. मेकॅनिकलचा पोट्टा आहे म्हणजे ठोकाठोकी येतच असेल, एवढ्या एका पात्रतेवर. पहिला मोर मी प्लायवूड आणि लोखंडी पट्टीचा केला. मेसच्या काट्यावर तो नऊ किलो भरला. सरस्वती होणारी ज्युनिअर तो कमरेला बांधून नुसती उभी राहू शकत होती, नाचायचं तर सोडाच. दुसरा मोर थर्माकोलचा. त्यावर फोम चिकटवायचा वासाचा गोंद लावला आणि झोपलो. सकाळी मोराच्या पोटाला वाटीएवढी भोकं पडलेली! त्या गोंदातलं सॉल्व्हंट थर्माकोल खातं, हे फर्स्ट इयरची केमिस्ट्री पास झालेल्या माणसाला कळायला हवं होतं.

मग मोर कसा करतात ते शोधायला लायब्ररीत गेलो. मोर सापडला नाही, पण मराठी रंगभूमीवर मोर आणणारा माणूस सापडला. सबमिशन सोडून दोन रात्री त्याच्याबद्दलच वाचत बसलो.

विष्णुदास भावे सांगलीचे. वडील अमृतराव सांगली संस्थानच्या पदरी नोकरीला. मुलाला गोष्टींचा नाद आणि हाताने काही ना काही करण्याचा नाद. आजच्या भाषेत क्लासरूमपेक्षा वर्कशॉपमध्ये रमणारं पोरगं. १८४२ मध्ये उत्तर कानड्यातली भागवत मंडळी सांगलीत खेळ करायला आली. त्यांचा प्रकार यक्षगानाचा: मोठमोठे किरीट, रंगवलेले चेहरे, गाणं आणि नाच. हे किरीट हलक्या लाकडाचे करतात, कारण ते डोक्यावर घेऊन रात्रभर नाचायचं असतं. (हे आधी वाचलं असतं तर माझं प्लायवूड वाचलं असतं.) संस्थानचे अधिपती चिंतामणराव अप्पासाहेब पटवर्धन यांना खेळ आवडला, पण त्यातला ओबडधोबडपणा खटकला. असंच काहीतरी, पण नीटनेटकं आणि मराठीत करायचं काम त्यांनी विष्णुदासांवर टाकलं.

आता विचार करा. समोर नमुना म्हणून पाहता येईल असं मराठी नाटक नाही. तंजावरच्या भोसले राजांच्या दरबारात मराठी नाटकं त्याच्याही दीडशे वर्षं आधी लिहिली गेली होती, पण ती राहिली तिकडेच. इकडे नट नाहीत, पडदे नाहीत, कपडे नाहीत. गाणी रचायची, नट शिकवायचे आणि सोंगंही उभी करायची, सगळी जबाबदारी या एका तरुणाची. ५ नोव्हेंबर १८४३ ला सांगलीच्या राजवाड्यात ‘सीता स्वयंवर’चा प्रयोग झाला. तो दिवस आपण मराठी रंगभूमी दिन म्हणून पाळतो.

त्या खेळाची पद्धत ठरलेली असायची. आधी सूत्रधाराचं मंगलाचरण, मग विदूषकाची धमाल, मग गणपती, आणि मग मोरावर बसलेली सरस्वती नाचत यायची. बायका रंगमंचावर नव्हत्याच, त्यामुळे सरस्वती म्हणजे एखादा मुलगा. मोर नाचायचा तर पाय त्या मुलाचेच. म्हणजे माझ्यासमोर होता तोच प्रॉब्लेम, फक्त फोम नाही आणि इतवाऱ्यातलं दुकानही नाही. त्यानंतर आख्यान. पदं सगळी सूत्रधाराने म्हणायची, पात्रांनी हावभाव करायचे आणि मधली बोलणी आपल्या मनाने जुळवायची. राक्षस आरडाओरडा करत उड्या मारत यायचे. त्यांच्या त्या आरोळीवरूनच पुढच्या पिढीने या नाटकांना अललडुर्र नाटकं म्हणून नाव ठेवलं. नाव ठेवणाऱ्यांना दहा तोंडांचा रावण अंगावर घेऊन एक उडी मारायला लावली पाहिजे होती, असं माझं मत आहे.

१८५१ मध्ये अप्पासाहेब वारले आणि राजाश्रय संपला. इथे मला या माणसाची खरी परीक्षा दिसते. वाड्यातलं नाटक वाड्यातच मेलं असतं. मागे पैसा नाही, डोक्यावर देणं आणि मंडळी पोसायची. विष्णुदास गाशा गुंडाळून बाहेर पडले आणि गावोगाव खेळ करू लागले. राजाने खर्च द्यायचा ही सोय गेली. आता खर्च प्रेक्षकांकडूनच काढायचा होता. १८५३ मध्ये ते मुंबईला पोचले, तिथे ग्रँट रोडच्या थिएटरात तिकीट लावून मराठी नाटक केलं. त्याच वर्षी बोरीबंदर ते ठाणे पहिली रेल्वे धावली. पण मंडळींचा दौरा बैलगाडीचाच. विष्णुदासांनी १८६२ च्या सुमारास रंगभूमी सोडली, आणि आपल्या बडनेऱ्यावरून नागपूरला जाणारी रेल्वे सुरू झाली १८६७ मध्ये. गाडीत सामान चढवा, उतरवा, पुन्हा चढवा, हे ज्याने केलंय त्याला वजनाची किंमत वेगळी शिकवावी लागत नाही.

पुढे जवळजवळ चाळीस वर्षं ते जगले. १८८५ मध्ये त्यांच्या नाट्यपदांचा संग्रह छापून आला. ९ ऑगस्ट १९०१ ला ते गेले. सांगलीत आणि वाशीत त्यांच्या नावाची नाट्यगृहं आहेत, दर ५ नोव्हेंबरला सांगलीत त्यांच्या नावाचं पदक देतात. पण मला जास्त भावल्या त्या त्यांनी केलेल्या, दोऱ्यांनी हलणाऱ्या लाकडी बाहुल्या. रामदास पाध्ये यांनी त्या दुरुस्त करून पुन्हा लोकांसमोर आणल्या. शंभर वर्षांनंतर ज्याचे सांधे दुरुस्त करून पुन्हा हलवता येतात, त्या कामाला आमच्या वर्कशॉपच्या सरांनीसुद्धा पूर्ण मार्क दिले असते.

तिसरा मोर मी या वाचनाच्या जोरावर केला. आत बांबूच्या कमच्यांचा सांगाडा, वर गादीवाल्याकडचा ३२ डेन्सिटीचा फोम. डेन्सिटी म्हणजे एका घनमीटरला ३२ किलो. एक मीटर लांब-रुंद, २५ मिलिमीटर जाडीचा तुकडा ८०० ग्रॅमचा होतो, असे दोन लागले. भानगड झाली शेपटीची. ७०० ग्रॅमची शेपटी कमरेच्या दोन फूट मागे, मान फक्त एक फूट पुढे. तोल साधायला चोचीकडे दुप्पट वजन टांगावं लागलं असतं. वजन वाढवण्यापेक्षा खांद्याचे पट्टेच मागे सरकवले, जुन्या दप्तराचे होते ते. सगळा मोर तीन किलोच्या आत बसला आणि सरस्वती दोन फेऱ्या नाचली. तिसऱ्या फेरीला एक पट्टा सुटला, पण तोवर टाळ्या सुरू झाल्या होत्या.

तो मोर सध्या माझ्या खोलीत कपाटावर आहे. शेपटी काढून ठेवलीय, नाहीतर पंख्याला लागते.