जनाबाईचे हितगुज

जनाबाईचे नाव घेतले की जाते आठवते. जात्यावर बसण्याआधीची जनी मात्र कोणाला आठवत नाही. गोदातीरीच्या गंगाखेडची ही पोर. आई गेली, तेव्हा बापाने तिला पंढरीस दामाशेटी शिंप्यांच्या पदरात घातले, असे परंपरा सांगते. पुढे तोही गेला. आईबाप दोघे गेल्याचे तिने स्वतःच अभंगातून सांगून ठेवले आहे.

घर भले होते. दामाशेटी, गोणाई, नामदेव, राजाई, मुले, सुना, असा मोठा खटला. एका अभंगात ती घरची माणसे मोजते, ती 14 भरतात, आणि 15 वी म्हणून आपले नाव घालते. तेही दासी म्हणून! मला हा हिशेब फार बोलका वाटतो.

अहो, दुसऱ्याच्या घरी वाढणाऱ्या लेकराला अन्नवस्त्र मिळते, पण पोटातले बोलायचे कोणापाशी? हा रागावेल का, चारचौघांत सांगेल का, उद्या घराबाहेर काढील का, हे ते आधी पाहते. मग गप्प बसते. आणि आपण म्हणतो, किती गुणी पोर!

जनीला ऐकणारा मिळाला तो विठ्ठल. दळताना, कांडताना, शेण वेचताना ती त्याच्याशी बोलली. त्याला माय म्हणाली, आणि रागाच्या भरात शिव्याही दिल्या. या शिव्या आम्ही कीर्तनकार हसण्यावारी नेतो. मीही चाळीस वर्षे तेच केले. पण टाकून देतील अशी धास्ती जिथे असते, तिथे पोर शिवी देईल काय? आणि ऐकणारा तरी कसा, तर तिचे अभंग स्वतः लिहून घेणारा.

पुढे देवाचे पदक तिच्यापाशी सापडले, अशी कथा आहे. चोरी झाली की लोक आधी आश्रिताकडे पाहतात. चंद्रभागेच्या काठी सूळ उभा राहिला. सुळाचे पाणी झाले, येथे श्रोते टाळी देतात. पण त्याआधी तिच्यासाठी एकही माणूस पुढे आल्याचे मी कधी ऐकले नाही, हे मला छळते.

नामदेवांचे ऋण मात्र मोठे. त्यांच्यामुळे ती संतमेळ्यात बसली. तेथे ज्ञानदेव होते, तेही आईबापांविना वाढलेले. इ.स. 1296 साली ते समाधिस्थ झाले. त्यांना सखा म्हणून हाक मारून जनीने एक मागणे केले आहे. ज्ञानदेवांनी पुन्हा जन्म घ्यावा, आणि तो आपल्या पोटी घ्यावा.