नाना फडणीस आणि स्वतःचे टपाल

निरोप वेळेवर न पोहोचल्याने राज्यावर केवढा अनर्थ ओढवतो, हे बाळाजी जनार्दन भानू ऊर्फ नाना फडणीस यांनी ऐन तारुण्यात पाहिले. १७४२ साली साताऱ्यास जन्मलेले नाना १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर होते. पत्नी वाचली; आई मात्र त्या धुमाळीत कायमची हरवली. युद्धापूर्वी छावणीचा दक्षिणेशी पत्रव्यवहार तुटला होता. मदतीस निघालेल्या नानासाहेब पेशव्यांना पराभवाची वार्ता कळली, ती सरकारी डाकेने नव्हे, तर सावकारी पत्राने!

१७७३ साली नारायणराव पेशव्यांचा खून झाला आणि पुढे बारभाईंच्या कारभाराची सूत्रे नानांकडे आली. तलवारीपेक्षा लेखणीवर भिस्त असलेल्या या मुत्सद्द्याने दरबारोदरबारी नेमलेले वकील आणि वाटेवरचे जासूद यांच्या बळावर कारभार हाकला. हैदराबादेस गोविंदराव काळे होते. जासूद जोडीने धाडले जात. उत्तरात आधीचे पत्र पावल्याचा उल्लेख असे, आलेल्या पत्रावर पोहोचल्याची तारीख पडे आणि मजकूर संपताच मोर्तब उमटे. त्याखाली कोणास अक्षर घुसडण्यास वाव नसे. १७८२ चा सालबाईचा तह आणि १७९५ चा खर्ड्याचा विजय यांमागे ही शिस्त होती.

आज अंकुशनगरसारख्या, साखर कारखान्याभोवती वाढलेल्या गावातील एखाद्या संस्थेने स्वतःचा ई-मेल सर्व्हर चालवावयाचे ठरविले, तर तिला हीच शिस्त पाळावी लागेल. आपल्या नावे कोणता सर्व्हर पत्रे धाडू शकतो याची जाहीर नोंद म्हणजे जासुदाची ओळख. प्रत्येक पत्रावरील अंकीय सही म्हणजे मोर्तब. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल व याहू यांनी मोठ्या संख्येने पत्रे धाडणाऱ्यांवर या अटी सक्तीच्या केल्या. त्या पाळूनही नवख्या सर्व्हरचे पत्र नको असलेल्या टपालात पडू शकते. म्हणून परत आलेली पत्रे व नोंदी रोज पाहणारा जबाबदार माणूस हवाच. तो नसेल, तर परीक्षेची सूचना विद्यार्थ्यास मिळाली की नाही, हे कोण सांगणार?

सावधपणा एकदाच सुटला तरी पुरे होते. ३१ डिसेंबर १७९७ रोजी फिलोज या परकीय सरदाराच्या शब्दावर विसंबून नाना शिंद्यांच्या छावणीत गेले आणि कैद झाले. पुढल्या वर्षी सुटले. १३ मार्च १८०० रोजी निवर्तले. त्यांचे मेणवलीचे दप्तर मात्र मागे राहिले. दुसऱ्याच्या डाकेवर सर्वस्वी विसंबणे सोयीचे खरे. परंतु ज्या संस्थेला आपला शब्द आपल्या हाती ठेवावयाचा आहे, तिने स्वतःचे टपाल राखावे आणि त्यासाठी लागणारी रोजची दक्षताही आनंदाने पत्करावी.