फ्लामशेनची अ‍ॅना कॅथरीन

आपले सोलापूर पुणे धर्मप्रांतात येते. या धर्मप्रांताचे एक जुने बिशप, हाइनरिक डोरिंग, हे जर्मनीतील म्युन्स्टर भागातल्या बोखोल्ट गावचे. त्याच भागात कोसफेल्ड शहराबाहेर फ्लामशेन ही शेतकऱ्यांची छोटीशी वाडी आहे. तिथे ८ सप्टेंबर १७७४ रोजी, पवित्र मरियेच्या जन्मदिनी, अ‍ॅना कॅथरीन एमरिकचा जन्म झाला.

घरात नऊ भावंडे आणि गरिबी. त्या मुलखात माणसे आणि गुरे एकाच छपराखाली राहत. शाळा नावापुरतीच झाली. मोठ्या शेतकऱ्याकडे तीन वर्षे चाकरी केल्यावर ती शिवणकाम शिकली. तिला धर्मभगिनी व्हायचे होते. पण मठात जातानाही त्या काळी हुंडा लागे! एकामागून एक मठांनी तिला नाकारले. ऑर्गन शिकलीस तर घेऊ, असे एका मठाने सांगितले. ती कोसफेल्डच्या ऑर्गनवादकाच्या घरी राहिली, पण तिथली उपासमार पाहून तिने साठवलेले पैसे त्यांनाच देऊन टाकले. शेवटी १८०२ मध्ये ड्युल्मेनच्या मठाला त्या वादकाची मुलगी क्लारा हवी होती. बापाने अट घातली : दोघींनाही घ्या!

१८११ मध्ये सरकारने मठच बंद केला. ती एका फ्रेंच धर्मगुरूंकडे घर सांभाळू लागली आणि लवकरच अंथरुणाला खिळली. अंगावर प्रभूच्या जखमांसारख्या खुणा दिसू लागल्या. बघ्यांची रीघ लागली. ख्रिस्तसभेने चौकशी केली. १८१९ मध्ये सरकारने तिला तीन आठवडे दुसऱ्या घरात पहाऱ्यात ठेवले. लबाडी सिद्ध झाली नाही. या साऱ्यात ती पडल्या पडल्या गरिबांच्या मुलांचे कपडे शिवत असे. आम्हाला खुणांपेक्षा ही सुई जास्त भावते. शिलाईवर घर चालवणाऱ्या आपल्या भगिनींना त्यातले कष्ट सांगायला नकोत.

कवी ब्रेंटानो तिच्या उशाशी बसून तिचे दृष्टांत लिहून घेई. 'द पॅशन ऑफ द ख्राइस्ट' या चित्रपटातील काही प्रसंग त्याच्याच पुस्तकावरून आले आहेत. मात्र त्यात तिचे किती आणि कवीचे किती, हे वेगळे करता येत नाही. म्हणून ३ ऑक्टोबर २००४ रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी तिला धन्यवादित घोषित केले, तेव्हा ती पुस्तके बाजूला ठेवून तिचे जीवन तपासले गेले.

९ फेब्रुवारी १८२४ रोजी ती वारली. कबर ड्युल्मेनच्या पवित्र क्रूस चर्चमध्ये आहे. फ्लामशेनपासून अंतर पंधराएक किलोमीटर. तिचे जवळजवळ सारे आयुष्य एवढ्याच मुलखात गेले.