इंजिन बनवलं, पण तेल पोचवताना दमछाक झाली : रुडॉल्फ डिझेल यांची गोष्ट

विहिरीवरचं इंजिन हँडल मारमारून दंड भरून आले तरी उठत नाही, तेव्हा मिस्त्री आधी धुराड्याकडे बघतो. धूरच नसेल तर डिझेल नोझलपर्यंत पोचत नाही. पांढरा धूर येत असेल तर डिझेल पोचतंय, पण पेटत नाही. सव्वाशे वर्षांपूर्वी हे इंजिन ज्यांनी बनवलं, त्यांची अर्धी उमेद याच तेल पोचवण्याच्या भानगडीत खर्ची पडली. त्यांचं नाव रुडॉल्फ डिझेल.

१८ मार्च १८५८ रोजी पॅरिसमध्ये त्यांचा जन्म झाला. आईवडील मूळचे जर्मनीतल्या बव्हेरियाचे. १८७० मध्ये फ्रान्स आणि जर्मनीचं युद्ध पेटलं आणि जर्मन कुटुंबांना पॅरिस सोडावं लागलं. घरचे लंडनला गेले. बारा वर्षांच्या रुडॉल्फला मात्र शिकण्यासाठी ऑग्सबर्गला नातेवाइकांकडे पाठवलं गेलं. पुढे म्युनिकच्या तंत्रशाळेत कार्ल फॉन लिंडे यांच्या हाताखाली ते शिकले. परीक्षेच्या वेळी विषमज्वर झाला, परीक्षा लांबणीवर पडली. १८८० मध्ये परीक्षा दिली ती मात्र उत्तम गुणांनी.

त्या काळी सगळीकडे वाफेचं इंजिन. कोळशातली बहुतेक उष्णता फुकट जायची, साधारण दहावा हिस्सा कामाला यायचा. डिझेल यांच्या मनात हेच सलत होतं. हवा इतकी दाबायची की ती आपोआप तापते, आणि त्या तापलेल्या हवेत तेल सोडायचं. ठिणगीची गरजच नाही. १८९३ मध्ये या कल्पनेचं पेटंट मिळालं आणि ऑग्सबर्गच्या कारखान्याने प्रयोगाला जागा दिली.

१० ऑगस्ट १८९३ रोजी पहिली चाचणी झाली. इंजिन बाहेरून पट्ट्याने फिरवलं आणि आत इंधन सोडलं. असा स्फोट झाला की दाब मोजायचं उपकरणच फुटलं. पण हवेच्या उष्णतेने इंधन पेटतं, एवढं सिद्ध झालं. १७ फेब्रुवारी १८९४ रोजी इंजिन स्वतःच्या जोरावर जेमतेम मिनिटभर चाललं. पुढची तीन वर्षं खटपटीतच गेली.

अडचण एकच होती. सिलिंडरमध्ये आधीच प्रचंड दाब. त्या दाबाविरुद्ध थेंबभर तेल, नेमक्या क्षणी, बारीक फवारा करून आत घालायचं. तसा पंप त्या काळी कुणाला जमेना. शेवटी डिझेल यांनी वेगळा कॉम्प्रेसर लावला आणि सिलिंडरपेक्षाही जास्त दाबाच्या हवेने तेल आत फुंकलं. १८९७ च्या अधिकृत चाचणीत इंजिनाने इंधनातली २६ टक्क्यांहून जास्त उष्णता कामाला लावली. जगभरातून मागणी आली, पैसा आला.

पण चाचणीच्या खोलीत चालणारं इंजिन गिऱ्हाइकाकडे गेलं की कुरकुरायचं. सुरुवातीची इंजिनं बिघडून परत आली. पेटंटचे दावे, टीकाकार, त्यात जमिनीच्या व्यवहारातला तोटा, यात डिझेल यांची प्रकृती खचली. त्यातच तो कॉम्प्रेसर अवजड. त्यामुळे इंजिन गिरण्यांत आणि जहाजांत शोभलं, छोट्या गाड्यांना पेललं नाही.

२९ सप्टेंबर १९१३ च्या संध्याकाळी ते अँटवर्पहून इंग्लंडला निघालेल्या ड्रेस्डेन बोटीवर चढले. रात्री जेवून खोलीत गेले, सकाळी खोली रिकामी होती. काही दिवसांनी समुद्रात एक मृतदेह दिसला. त्याच्या खिशातल्या वस्तू मुलाने ओळखल्या. कर्जाचा डोंगर होता हे खरं, पण नेमकं काय घडलं याचा उलगडा आजवर झालेला नाही.

त्यांच्या मनातला पंप आला तो १९२७ मध्ये. रॉबर्ट बॉश यांच्या जर्मनीतल्या कारखान्याने तेल थेट दाबाने सोडणारा पंप मोठ्या संख्येने बनवायला घेतला. कॉम्प्रेसर गेला, इंजिन लहान झालं. ट्रक, ट्रॅक्टर आणि विहिरीवरचं इंजिन यांचा रस्ता तिथून मोकळा झाला. १९४६ मध्ये पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स सुरू झाली.

तरी जुनी खोड आजही तीच आहे. पंप डिझेल दाबू शकतो, हवा नाही. टाकी कोरडी पडली किंवा एखादा वायसर सैल झाला की लाइन हवा धरते. पंप ती हवाच दाबत बसतो आणि नोझल उघडत नाही. म्हणून हँडल मारत दम घालवण्यापेक्षा क्रमाने बघावं. टाकीत डिझेल आहे का, कॉक उघडा आहे का, बंद करायची दांडी अडकली तर नाही ना. मग फिल्टर तुंबलाय का, तळाशी पाणी साचलंय का. त्यानंतर फिल्टरवरचा हवा काढायचा स्क्रू सैल करायचा. बुडबुडे थांबून सलग डिझेल आलं की आवळायचा. तेच पंपावर करायचं. एवढं करूनही धूर नसेल तर पंप आणि नोझल मिस्त्रीकडे. नोझलच्या फवाऱ्यापुढे हात मात्र कधीच धरू नये. तो कातडी फोडून आत शिरतो, आणि अशी जखम दिसायला बारीक असली तरी लगेच दवाखाना गाठावा लागतो.