चष्मेवाले काका आणि त्यांचे अडकित्ते

सुरुवातीलाच सांगून टाकते. मी कॉन्व्हेंटची. माझं मराठी कच्चं आहे, ऱ्हस्व-दीर्घ चुकले तर संपादक मंडळाला धरा. अडकित्ता म्हणजे काय हेही मला मागच्या वर्षीपर्यंत माहीत नव्हतं. रूममेट लातूरची, ती इतकी हसली की वॉर्डन मॅडम वर आल्या!

तेव्हा माझे दोन विषय राहिले होते. एम-थ्री आणि स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स. रात्री झोप यायची नाही. खडकी स्टेशनवरून जाणारी प्रत्येक मालगाडी मोजायचे. दहावीपर्यंत मी रोज चित्रं काढायचे, मग क्लासेस सुरू झाले आणि वही कुठे गेली ते कळलंच नाही. अशाच एका रविवारी रूममेटने मला ओढून लोकलमध्ये बसवलं. शिवाजीनगरला उतरलो आणि पुढे चालत चालत बाजीराव रोडवर. तिथे शुक्रवार पेठेत नातूबागेजवळ राजा दिनकर केळकर संग्रहालय आहे. मला वाटलं, राजा म्हणजे कुठल्यातरी संस्थानाचा राजा असणार. तसं नव्हतं.

दिनकर केळकर १८९६ साली जन्मले. धंदा चष्म्याचा. पुण्यात लोक त्यांना काका म्हणायचे. दिवसभर लोकांचे डोळे तपासायचे आणि भिंगं बसवून द्यायची, असं सरळ मध्यमवर्गीय काम. पण या माणसाला दोन नाद होते. पहिला कवितेचा. अज्ञातवासी या नावाने ते कविता लिहायचे. आता बघा, नाव लपवून लिहायचं म्हणजे त्यातून मोठेपणा मिळवायची घाई नसावी, असं आपलं मला वाटतं. दुसरा नाद जुन्या वस्तूंचा. तो १९२० च्या आसपास सुरू झाला आणि मग सुटलाच नाही.

जुन्या वस्तू म्हणजे सोनं-नाणं किंवा राजांच्या तलवारीच नाहीत. काका गोळा करायचे ते दिवे, कुलपं, दौती, पानाचे डबे, स्वयंपाकघरातली भांडी, फण्या, पाय घासायच्या वजऱ्या, वाद्यं, वाड्यांचे कोरीव दरवाजे. जे लोक माळ्यावर टाकायचे किंवा मोडीत काढायचे, ते. त्यासाठी गावोगाव, पुढे तर देशभर फिरले. पैसा दुकानातून यायचा आणि दिव्यांमध्ये जायचा. पत्नी कमलाबाईंनी साथ दिली, असं सगळीकडे लिहिलेलं असतं. ती साथ किती महाग पडली असेल याचा हिशोब मात्र कुणी लिहीत नाही. छंद एकाचा असला तरी घर सगळ्यांचं असतं, नाही का?

आणि आता राजा. राजा हा काकांचा मुलगा. एकुलता एक मुलगा, सात वर्षांचा असताना गेला. हे वाचलं तेव्हा मी जिन्याजवळच थांबले. ते दुःख काकांनी या संग्रहात बुडवलं, असं सांगतात. दुःख बुडतं का, मला माहीत नाही. पण इतकं दिसतं की त्या माणसाचे हात रिकामे राहिले नाहीत. उद्या कुठल्या गावी जायचं, कोणता दिवा पुसायचा, कोणती वस्तू कुठल्या काळातली, हे प्रश्न रोज होते. १९६० पर्यंत वस्तू १५ हजारांच्या आसपास झाल्या. १९६२ साली संग्रहालय उभं राहिलं, त्याला मुलाचं नाव दिलं आणि पुढे सगळं राज्य सरकारच्या हवाली केलं. विकलं असतं तर केवढा पैसा आला असता! कोथरूडचा मस्तानी महालसुद्धा त्यांनी सुटा करून आणला आणि आत पुन्हा उभा केला. सिव्हिलवाल्यांनी तर तो बघायलाच पाहिजे.

आता थोडं शास्त्र, नाहीतर स्टाफरूममधून तक्रार यायची. २०२३ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. १६ देशांतल्या ६५ वर्षांवरच्या ९३ हजारांहून जास्त लोकांची माहिती त्यात आहे. ज्यांना छंद होते त्यांच्यात नैराश्याची लक्षणं कमी होती, तब्येत चांगली असल्याचं आणि आयुष्यात समाधान असल्याचं ते जास्त सांगत होते. अर्थात छंदामुळे माणूस बरा राहतो की बरा असलेलाच छंद करतो, हे अशा अभ्यासातून पक्कं ठरत नाही. पण आपल्या खडकीतच पाठीच्या कण्याला इजा झालेल्या माजी सैनिकांचं पुनर्वसन केंद्र आहे. तिथले काही जण तोंडात ब्रश धरून चित्रं काढतात. त्यांना असला अभ्यास वाचून दाखवायची गरज नसावी.

काका १९९० मध्ये गेले, वयाच्या चौऱ्याण्णवाव्या वर्षी. संग्रहालयात आज २० हजारांहून जास्त वस्तू आहेत, मांडलेल्या त्यातल्या थोड्याच.

मी सर्वात जास्त वेळ अडकित्त्यांसमोर उभी होते. माणसांच्या, पक्ष्यांच्या आकाराचे अडकित्ते. सुपारी कातरायची एवढंच काम, त्याला एवढा नखरा कशाला? मग मेकॅनिकलचं डोकं चाललं. टेकू एका टोकाला, सुपारी मध्ये, हाताचा जोर दुसऱ्या टोकाला. अरे, हा तर दुसऱ्या प्रकारचा तरफ! रूममेटला सांगितलं तर ती म्हणाली की तिची आजी हे लिव्हर न शिकताच वापरते.

परतताना लोकलमध्ये बसायला जागा मिळाली. सॅकमध्ये जर्नलचा एक कोरा कागद होता. त्यावर एक अडकित्ता काढला, पोपटाच्या तोंडाचा. चोच जमली नाही. खडकी आलं तेव्हा तिसऱ्यांदा खोडत होते. एम-थ्री मागच्या सेमिस्टरला सुटला, एसओएम अजून आहे.