बाळाजी आवजींचं अक्षर

मी कॉन्व्हेंटवाली, तेव्हा शुद्धलेखनाच्या चुका पोटात घाला. दिवाळीच्या सुट्टीत मांजर्लीला घरी बाबांच्या टेंडरसाठी डिजिटल सिग्नेचरचं टोकन लॅपटॉपवर बसवत होते. टोकन हिशेबनीस काकांकडून आलेलं, आणि त्यावर पिन लिहिलेली चिठ्ठी चिकटवलेली! बाबांना भीती समजावताना मला बाळाजी आवजी चिटणीस आठवले.

बखरीत त्यांची कथा अशी आहे. वडील आवजी हरी जंजिऱ्याच्या सिद्दीच्या चाकरीत होते. सिद्दीने त्यांना ठार केलं आणि आई तीन मुलांना घेऊन राजापुरात आली. थोरल्या बाळाजींचं अक्षर इतकं सुंदर, की ते पाहूनच शिवाजी महाराजांनी त्यांना पदरी घेतलं. पुढे ते चिटणीस झाले, म्हणजे राजाच्या पत्रव्यवहाराचे प्रमुख.

तेव्हाच्या राजपत्रावर सुरुवातीला शिक्का असे. मजकूर संपला की तिथेच मोर्तब, म्हणजे त्याखाली कुणाला एक ओळही घुसडता येऊ नये. आपण शिक्कामोर्तब म्हणतो ते यावरूनच. पत्र कुणाचं आणि मजकुरात फेरफार झाला का, हे दोनच प्रश्न आपलं टोकनही सोडवतं. फक्त शिक्क्याच्या जागी प्रायव्हेट की.

एकदा पत्र लिहायला वेळच मिळाला नाही, म्हणून बाळाजींनी महाराजांसमोर कोरा कागद धरून अख्खं पत्र वाचून दाखवलं म्हणे. मशालजी हसला आणि बिंग फुटलं. मग लिहून काढलं ते शब्दन् शब्द तसंच! (आमच्या व्हायव्हात हे जमलं असतं तर...)

३ एप्रिल १६८० ला महाराज गेले. अण्णाजी दत्तो वगैरे मंडळींना राजाराम गादीवर हवे होते. संभाजीराजे पन्हाळ्यावर होते, त्यांना तिथेच अडकवायचं पत्र लिहायला बाळाजींनी नकार दिला, म्हणून त्यांचा मुलगा आवजी याच्याकडून ते लिहवून घेतलं, असं चिटणीस बखर सांगते. बखर लिहिणारे मल्हार रामराव त्याच घराण्यातले, हे मात्र लक्षात ठेवायला हवं. पण पत्र मिळणाऱ्याला काय दिसणार? चिटणिशीतलं पत्र. लिहिणाऱ्यावर जबरदस्ती झाली, हे कागद सांगत नाही. सर्टिफिकेटही नाही सांगत. किल्ली बरोबर जुळली की ते खरं म्हणतं, मग ती कुणाच्याही हातात असो.

१६८१ मध्ये आणखी एक कट उघडकीला आला. औरंगजेबाचा बंडखोर मुलगा अकबर तेव्हा पालीच्या बाजूला होता. त्याच्याकडे गेलेलं पत्र संभाजीराजांच्या हाती पडलं. बाळाजींचा यात कितपत हात होता यावर एकमत नाही. सुधागडाजवळच्या औंढा गावी अण्णाजींबरोबर बाळाजी आणि आवजी यांनाही ठार करण्यात आलं. हत्तीच्या पायी दिलं असं सांगतात. इतक्या वर्षांची इमानी चाकरी, आणि शेवट असा. वाचून मला खरंच वाईट वाटलं.

पुढे राजांना पश्चात्ताप झाला, असं परंपरा मानते. चिटणिशी बाळाजींच्याच मुलाकडे, खंडो बल्लाळांकडे आली, आणि १६८९ नंतर जिंजीच्या बिकट दिवसांत ते राजारामांच्या पाठीशी उभे राहिले.

बाबांनी हे सगळं ऐकलं, टोकनवरची चिठ्ठी फाडली आणि नवा पिन टाकताना मलाही तोंड फिरवायला लावलं.